गाळावरची कोपी

येळवसाच्या दिवशी लातूरकडचं माणूस शेतात नसलं, तर ते एक तर दवाखान्यात असतं, नाही तर परमुलखात. आणि मी कुठं होते? तळ्याकाठी, कापडाच्या तंबूसमोर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून नवऱ्यावर चरफडत होते.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. पुस्तकी लोक तिला वेळा अमावस्या म्हणतात. त्या दिवशी लातुरात दुकानं बंद, रस्ते ओस, सगळं गाव रानात. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी करायची, तिच्यावर शाल पांघरायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे. ते पाच पांडव. मग शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ताकातली आंबील. ज्याला शेत नाही त्यालाही बोलावतात, वाटेनं जाणाऱ्यालाही. आणि दिवस मावळताना कडब्याची एक पेंढी पेटवून ती हातात धरून रानाभोवती फेरी मारायची. तिला हेंडगा म्हणतात. फेरी मारणाऱ्यानं ओरडायचं, "ओलगे ओलगे!" आणि कोपीपाशी जो बसलाय त्यानं जाब द्यायचा, "सालम पोलगे!" कोपी त्या वेळेला मुकी राहता कामा नये, असं आमच्याकडं मानतात.

माझं माहेर उदगीरच्या बाजूला. लग्न होऊन नांदेडला गेले तरी माझी एक येळवस चुकली नव्हती. नवरा यायचा बरोबर, जावई म्हणून कोपीपाशी सतरंजीवर मानानं बसायचा आणि खीर ओरपायचा. पण जाब म्हणून द्यायचा नाही. "ही कुठली भाषा? कानडी का तेलगू? अर्थ सांगा, मग म्हणतो," असं म्हणून हसत बसायचा. शेवटी माझी वहिनीच त्याच्या पाठीमागून ओरडायची. दरवर्षी. मला वाटायचं, आता ह्या माणसाच्या डोक्यात आंबील ओतावी.

तर त्या वर्षी भाद्रपदात ह्या माणसाच्या छातीत दुखलं आणि दोन स्टेंट बसले. त्यानंतर मी आमच्या घरात पोलीस झाले. मीठ किती, चालणं किती, जिना चढताना दम लागला का. अंथरुणात पडल्या पडल्या त्यानं पक्ष्यांची पुस्तकं वाचायला घेतली आणि दुर्बीण मागवली. मला वाटलं, बरं झालं, बसून करायचा उद्योग आहे. पण एक दिवस म्हणाला, "पट्टकादंब बघायचेत. हिमालय ओलांडून येतात ते, आपल्या तळ्यावर. ह्याच वर्षी बघायचेत."

"पुढच्या वर्षी बघा की."

"पुढच्या वर्षाचं कुणी सांगितलंय?"

ह्या एका वाक्यापुढं मी हरले. अमावस्येला तंबू रिकामे मिळतात, गर्दी नसते, म्हणून त्यानं नेमकी येळवस धरली. तंबूवाल्यानं फोनवर दोनदा विचारलं होतं, "साहेब, त्याच दिवशी यायचंय का?" ह्याला वाटलं, तो भाव खातोय.

तळं आमच्या दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळ. धरणाचं फुगवट्याचं पाणी. काठावर बाभळी, त्यांच्या सावलीत चार तंबू. आत चांगला लाकडी पलंग, चेन लावायचा दरवाजा, मागं न्हाणी. आम्ही सकाळी पोचलो. तंबूवाल्यानं चहा दिला, जेवणाचा डबा ठेवला आणि डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, मी आणि पोरं शेतावर जातो. आज सण हाय. दिवस मावळायला परत येतो."

"जा बाबा," मी म्हणाले. "तुझं नशीब चांगलं."

तो गेला, आणि तळ्यावर आम्ही दोघंच उरलो. मला तेव्हाच कसंसं झालं. दवाखाना लांब, गाडी ह्याच्याशिवाय कुणाला चालवता येत नाही, फोनला रेंज एका बाभळीखाली आहे तर दुसरीखाली नाही. मी गोळ्यांची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. जिभेखाली ठेवायची गोळी. म्हटलं, खिशात ठेवा. त्यानं ठेवतो ठेवतो म्हणून ती तंबूतल्या उशाखाली सारली, हे मला नंतर कळलं.

पाण्याच्या पलीकडच्या अंगाला ते पक्षी बसले होते. राखी रंगाचे, थव्यानं. दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसत. नवरा सारखा पुढं सरकत होता. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या दिसल्याशिवाय तो बघितल्याचं मानायला तयार नव्हता.

तळ्याला लागूनच एक शेत होतं. पाणी जसं मागं सरतं तसा गाळ उघडा पडतो, त्यात लोक हरभरा टाकतात. त्याच्या वरच्या अंगाला तूर उभी, आणि बांधाजवळ चांगली दणदणीत कोपी. पाच पेंढ्यांत भागतं, पण ह्या लोकांनी सावलीसाठी जास्तीच्या लावल्या होत्या. एक म्हातारी बाई, तिचा मुलगा आणि सून, एवढीच माणसं. म्हातारीनं आम्हाला बघितलं आणि बांधावर येऊन हाक मारली.

"ओ ताई! हितं काय करूलालाव? या की, आंबील पिऊन जावा!"

माझं पाऊल उचललंच होतं. नवरा दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाला, "जेवण झालंय म्हणून सांग. आत्ता उठलो तर पक्षी उडतील."

जेवण झालंय! येळवसाच्या दिवशी, दुपारी, शेताच्या बांधावर उभं राहून खोटं सांगायचं की जेवण झालंय! मी नाही सांगितलं, तर ह्यानंच मोठ्यानं ओरडून सांगितलं. म्हातारीनं पुन्हा हाक मारली. ह्यानं पुन्हा हात हलवला. तिसऱ्यांदा तिनं मुलाला पाठवलं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, दोन घोट तरी घ्या. आई न्हाई तर मलाच शिव्या घालंल." नवरा त्याच्याकडं बघून हसला आणि परत दुर्बिणीत गेला.

मग माझा तोल गेला. "तुमचे पक्षी हिमालय ओलांडून आलेत, तुम्हाला एक बांध ओलांडवत नाही का हो?" असं म्हणून मी तरातरा निघाले. पाठीमागून तो म्हणाला, "जा जा. मी इथंच आहे."

मावशीनं मला सतरंजीवर बसवलं. मी तिला मावशीच म्हणायला लागले, आणि तिनं मला कुठली, कुणाची, सगळं विचारून घेतलं. उदगीरची म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. तिच्या सुनेचं माहेरही तिकडंच. भज्जी माझ्या आईच्या हातची लागत होती. आंबिलीचा तांब्या मी तोंडाला लावला, आणि तेवढ्यात सगळं तळं एकदम फडफडलं. पलीकडचा सगळा थवा एका वेळेला वर उठला, कलकलाट करत.

"काय की बिथरलं," मुलगा म्हणाला.

मी उभी राहिले. जिथं नवरा बसला होता तिथं खुर्ची होती, खुर्चीवर दुर्बिणीची पिशवी होती, नवरा नव्हता. मग पाण्याच्या बाजूला, गाळाच्या मधोमध, मला त्याची पांढरी टोपी दिसली. टोपीखाली खांदे, खांद्याखाली छाती. आणि त्याच्याखाली माणूस संपला होता.

हा माणूस शेतकऱ्याचा पोरगा. नोकरी बँकेत केली तरी काळ्या मातीत वाढलेला. आमच्या काळ्या रानाला भेगा पडल्या की ते दगडासारखं होतं, बैलगाडी घाला, ट्रॅक्टर घाला. भेग दिसली की ह्याच्या डोक्यात एकच, वाळलंय. नंतर तो म्हणाला, "एवढ्या रुंद भेगा होत्या गं, मी म्हटलं रान आहे." पण तो गाळ होता. वरची चार बोटं वाळलेली, भेगाळलेली, आणि खाली नुसता लगदा. तोही फसवा, निम्म्या वाटेपर्यंत त्यानं वजन धरलं.

मी ओरडत धावले. त्याच्यापासून हाक पोचेल इतक्या अंतरावर जमीन हलायला लागली. मुलगा माझ्या पुढं झाला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. मावशी मागून कडाडली, "मागं हो! दोघं जाशाल!" तो कसाबसा पाय उपसून आडवा पडला आणि सरपटत मागं आला.

"अहो, हलू नका!" मी म्हणाले. "हलू नका, मी आहे!"

"हलत नाही," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "पाय कुठं आहेत कळत नाहीत. गार आहे फार."

"छातीत दुखतंय का?"

"नाही."

"खरं सांगा!"

"अगं, नाही म्हणतो ना."

मी बत्तीस वर्षं ह्या माणसाचं 'नाही' ऐकत आलेय. त्यातलं निम्मं खोटं असतं. आत्ताच त्यानं जेवण झालंय म्हणून सांगितलं होतं.

"गोळी कुठाय? खिशात आहे ना?"

तो म्हणाला, "उशाखाली."

देवा रे! तंबूकडं धावू की इथं उभी राहू, कळेना. मावशीच्या सुनेला मी नुसतं "उशाखाली, लाल पिशवी" एवढंच सांगू शकले. ती पोरगी लुगडं खोचून वाऱ्यासारखी सुटली.

मुलानं विहिरीवरचं चऱ्हाट आणलं. टोक फेकलं, तिसऱ्या वेळेला ते ह्याच्या हाताला लागलं. त्यानं काखेखालून गुंडाळून घेतलं. आम्ही तिघांनी ओढलं. तो "आई गं" असा ओरडला की माझे हात आपोआप सुटले.

"छातीत?"

"काखेत. काखेत कापतंय."

त्या ओढाओढीत तो निघाला नाहीच, उलट पुढं वाकला आणि आणखी खाली गेला. मावशीनं दोर खाली टाकला. "नगं. आसं वडलं तर माणूस हिकडं येईल अन् पाय तितंच ऱ्हातील. गाळानं पाय धरलेत. कुणीतरी जवळ जाऊन हातानं गाळ काढाय पायजे."

"जवळ जायचं कसं?" मी म्हणाले.

मावशीनं मागं वळून बघितलं. मग मीही बघितलं. आजूबाजूला हिरवा हरभरा, हिरवी तूर. तंबूतले पलंग लोखंडी मळसूत्रानं जमिनीला आवळलेले. कडब्याची गंजी गावात, वाट लांबची. इथं कडबा म्हणून एकाच ठिकाणी होता.

"आई," मुलगा म्हणाला, "देव बसलेत. त्येंच्यापुढं दूध उतू घालायचंय अजून. सांज व्हायच्या आत कोपी मोडायची न्हाई."

हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्याकडं चुकून पेंढी पडली तरी आई दिवसभर धसका घ्यायची, वर्ष कसं जाईल म्हणून. मी त्या बाईला काय सांगणार होते? तीन वेळा बोलावलं आणि आम्ही खोटं बोललो. ज्याच्यासाठी देवाचं घर मोडायचं तो तिचा कोण? मी फक्त तिच्याकडं बघत राहिले. मला वाटतं, अख्ख्या जन्मात मी कुणाकडं तसं बघितलं नसेल.

मावशी कोपीपाशी गेली. वाकून आत हात घातला, एकेक पांडव उचलून पदरात घेतला, आणि पाची जणांना बांधावर ओळीनं मांडलं. हात जोडले. मग शाल ओढून काढली आणि मुलाला म्हणाली, "घे. बघतो काय!"

पेंढ्या निघाल्या. मुलानं पहिली गाळावर आडवी टाकली, तिच्यावर पोटावर पडला, पुढं दुसरी सरकवली. मी आणि मावशी मागून पेंढ्या देत होतो. सूनबाई पिशवी घेऊन आली. माझ्या हातात गोळ्यांचं पाकीट आलं, ते मी मुठीत धरून राहिले. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. त्याचे दात वाजत होते. मी त्याला बोलतं ठेवायला काहीबाही विचारत होते. "पक्षी दिसले का?" असंही विचारलं.

"पाठमोरे," तो म्हणाला.

पेंढ्या संपल्या, आणि मुलाचा हात त्याच्यापर्यंत पोचायला एक हात कमी पडला. अगदी एक हात. मुलगा मान वळवून ओरडला, "अजून एक पायजे!"

एक होती. बांधाला टेकवून ठेवलेली, सुतळीनं बांधलेली, वर हळदीकुंकू लावलेली.

"आई, ती हेंडग्याची हाय," सून हळूच म्हणाली.

मावशीनं ती उचलली. क्षणभर छातीशी धरली. मग माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "माणूस ऱ्हायला तर हेंडगा पुढच्या सालीबी व्हईल."

ती पेंढी मी स्वतः सरपटत पुढं नेली. मला कुणी अडवलं नाही. मुलगा एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं खांद्यापर्यंत हात घालून त्या थंडगार लगद्यातून ह्याच्या मांड्या मोकळ्या करत होतो. मी त्याला शिव्या देत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. एक पाय सुटला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा सुटला, बूट आतच राहिला. दुर्बीण कधी गेली कुणी बघितलं नाही. आम्ही त्याला पेंढ्यांवरून पोत्यासारखं ओढत बांधावर आणलं.

मावशीनं देवाची शाल त्याच्या अंगावर टाकली. सुनेनं चुलीवरचं गरम पाणी ओतून पाय धुतले. मी मनगट धरून बसले होते. नाडी लागत होती, पण मला तिच्यात कधी घाई वाटायची, कधी ती चुकल्यासारखी वाटायची. बाभळीखाली जाऊन नांदेडच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चालवू नका, ऊब द्या, दुखलं तर गोळी, आणि लगेच घेऊन या. तंबूवाल्याला फोन केला. तो जीप घेऊन निघाला, पण रस्ताभर रानातून परतणाऱ्या गाड्या, वेळ लागेल म्हणाला. जीप बांधापर्यंत आणायची वाट दाखवायला मावशीचा मुलगा सडकेपर्यंत गेला.

सुनेनं गरम खीर वाटीत आणली. नवऱ्यानं ती दोन्ही हातांनी धरली.

"दुपारी जेवण झालंय म्हणलाव नव्हं?" मावशी म्हणाली. "मग आता भूक कशी लागली?"

तो हसला नाही. वाटीत बघत म्हणाला, "मावशी, तुमच्या देवाचं घर मोडलं माझ्यापायी."

"देवाचं काय घेऊन बसलाव. बारा वर्सं रानातच काढली त्येंनी. उघड्यावर निजायची सवय हाय त्येंला."

दिवस मावळला. लांबच्या शेतांत एकेक हेंडगा पेटायला लागला. ठिणग्या उडत होत्या, आरोळ्या ऐकू येत होत्या. आमच्याच रानात अंधार. पेंढ्या गाळात भिजून पडलेल्या, त्या काय पेटणार? मावशी जरा वेळ तिकडं बघत उभी राहिली. मग तिनं चुलीतल्या विस्तवावर एक दिवा लावला, पदराआड धरला आणि सुनेला म्हणाली, "आंबिलीचं मडकं घे. फेरी तर मारावीच लागंल."

नवरा मला म्हणाला, "तू जा त्यांच्यामागं."

"मी तुम्हाला सोडून कुठंही जाणार नाही."

"अगं, तुझी येळवस आहे. एवढ्यात मी मरत नाही. जा."

मी हो म्हणाले ते रागानं म्हणाले की मायेनं, मला आजही सांगता येत नाही. पाकीट त्याच्या हातात कोंबलं आणि निघाले. पुढं मावशी दिवा घेऊन, मधे सून आंबील शिंपडत, मागं मी. हरभऱ्याच्या कडेनं जाताना मी सारखी वळून बघत होते. चुलीच्या उजेडात शाल पांघरलेली ती आकृती बसलेली दिसत होती. मग तूर लागली. डोक्याच्या वर गेलेली तूर. चूल दिसेनाशी झाली.

रानाच्या पार टोकाला मावशी थांबली. दिवसभर ओरडून तिचा घसा बसला होता. म्हणाली, "तू म्हण, बाई."

मी सगळा जीव गोळा करून ओरडले, "ओलगे ओलगे!"

जाब नाही. सुनेनं तोंड उघडलं तर मावशीनं तिच्या हातावर हात ठेवला. "थांब. कोपीपसून येऊ दे."

कोपी कुठली, तिथं नुसती मोकळी जागा होती, आणि त्या जागेपाशी एक माणूस होता ज्यानं सगळ्या संसारात ह्या हाकेला कधी ओ दिली नव्हती. डोक्यावरून तो थवा परत येत होता, अंधारात नुसता आवाज. मी पुन्हा ओरडले. माझा आवाज फाटला. "ओलगे ओलगे!"

तुरीच्या पलीकडून, घोगरा, चुकीच्या चालीत, पण सगळ्या रानाला ऐकू जाईल असा आवाज आला, "सालम पोलगे!"

मी मटकन खाली बसले. मावशीनं दिवा सांभाळत मला दंडाला धरून उठवलं. म्हणाली, "चल, अजून एक कोपरा ऱ्हायलाय."